पडतो तो घाशीराम, उरतो तो नाना

शोकांतिका म्हटलं की एक ठरलेली गोष्ट आपल्याला सांगितली जाते. एक मोठा माणूस असतो. त्याला आणखी मोठं व्हायचं असतं. त्यासाठी तो कपट करतो किंवा दुसऱ्याच्या कपटाला बळी पडतो आणि शेवटी मातीला मिळतो. पडदा पडतो, प्रेक्षक डोळे पुसतात आणि घरी जाताना एक धडा सोबत नेतात: फार हाव बरी नव्हे, माणसानं आपली पायरी ओळखून राहावं.

राजवाड्यातल्या माणसाला हा धडा दिला तर एकवेळ समजू शकतं. पण तोच धडा बौद्धवाडीत येतो तेव्हा त्याचा अर्थ पार बदलतो. पायरी ओळखून राहा हे आपल्याला सांगायला शेक्सपिअरची गरज कधी पडली नाही. ते सांगायला मनुस्मृती होती, गावकी होती, पाणवठा होता. म्हणून महत्त्वाकांक्षा, कपट आणि पतन या तीन गोष्टींकडे आपण आपल्या डोळ्यांनी बघायला हवं. महाड-पोलादपूरच्या माणसाला तर ते सोपं आहे, कारण या तिन्हींचे दाखले आपल्या अंगणातच आहेत.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकते. महत्त्वाकांक्षा हा दोष नाही. नाटक बघताना, सिनेमा बघताना आणि निवडणुकीच्या तोंडावर कुणी खांद्यावर हात ठेवतो तेव्हाही आपण तीन प्रश्न विचारले पाहिजेत. ही महत्त्वाकांक्षा कुणासाठी आहे? खोट्यावर विश्वास ठेवायला माणसं आधीच तयार का बसलेली असतात? आणि एक जण पडल्यावर जागच्या जागी कोण उरतो?

उंचीवर असेल तोच पडतो का?

ॲरिस्टॉटलनं शोकांतिकेचा नायक कसा असावा हे सांगून ठेवलं आहे. तो नामवंत आणि वैभवात असलेला माणूस हवा. त्याच पुस्तकात स्त्री कमी दर्जाची आणि गुलाम तर अगदीच टाकाऊ, असंही तो जाता जाता म्हणून जातो. आपल्याकडचं नाट्यशास्त्र सुरुवातीला मोठं आश्वासन देतं. शूद्रांना वेद ऐकायला बंदी, म्हणून सगळ्या वर्णांसाठी नाट्य हा पाचवा वेद निर्माण केला, असं ते सांगतं. पण त्याच ग्रंथाच्या शेवटी भरताचे मुलगे ऋषींची टिंगल करणारा प्रयोग करतात आणि ऋषी चिडून त्यांना शूद्र होण्याचा शाप देतात. म्हणजे शूद्र असणं हीच शिक्षा! ज्यांच्यासाठी नाटक आणलं म्हणता, त्यांचं जगणं हाच शाप ठरवला.

मराठी रंगभूमीनं शेक्सपिअर आणला तोही याच उंचीवर. देवलांनी ऑथेल्लोचा 'झुंजारराव' केला, शिवराम महादेव परांजप्यांनी मॅकबेथचा 'मानाजीराव' केला, पुढे १९५४ मध्ये शिरवाडकरांनी त्याच मॅकबेथचा 'राजमुकुट' केला. सगळे सरदार नाही तर राजे. शिरवाडकरांच्याच 'नटसम्राट'मधले अप्पा बेलवलकर राजे नाहीत, पण घर, नाव, पैसा, टाळ्या सगळं मिळवलेले आहेत. पोटच्या पोरांच्या घरात अपमान झाल्यावर ते रस्त्यावर येतात आणि तिथे त्यांना आधार देतो बूटपॉलिश करणारा एक पोरगा. आपण सगळे अश्रू अप्पांसाठी राखून ठेवतो. आधीपासूनच रस्त्यावर असलेल्या त्या पोराची शोकांतिका कुठल्या अंकात सुरू झाली, हे किती प्रेक्षकांनी स्वतःला विचारलं असेल?

२२ जुलै २०२१ ला महाड तालुक्यातल्या तळीये गावावर दरड कोसळली. ऐंशीहून जास्त माणसं गेली. पोलादपूर तालुक्यात साखर सुतारवाडी आणि केवनाळे इथेही त्याच पावसात माणसं गाडली गेली. ही माणसं कुठल्या उंचीवरून पडली नव्हती. उंचीच त्यांच्या अंगावर पडली. त्यांच्या स्वभावात कुठला दोष शोधणार? नायकाच्या पतनाचं कारण त्याच्या स्वभावात शोधायची सवय लागली, की डोंगर कुणी पोखरला, पुनर्वसन का रखडतं, हे प्रश्न विचारायची सवय सुटते.

नाना महाडला आला होता

विजय तेंडुलकरांचं 'घाशीराम कोतवाल' १९७२ मध्ये रंगमंचावर आलं आणि गदारोळ झाला. गोष्ट बहुतेकांना माहीत आहे. कनोजहून पुण्यात आलेल्या घाशीरामवर चोरीचा खोटा आळ येतो, त्याला मारहाण होते, हाकललं जातं. तो सूडाची शपथ घेतो. आपली मुलगी गौरी तो नाना फडणवीसाच्या हवाली करतो आणि बदल्यात पुण्याची कोतवाली मिळवतो. मग त्याचा जुलूम सुरू होतो. कोठडीत ब्राह्मण गुदमरून मरतात, शहर खवळतं आणि नाना शांतपणे घाशीरामच्या मरणाच्या हुकमावर सही करतो. जमाव घाशीरामला दगडांनी ठेचतो. नाना उत्सव जाहीर करतो.

नाटक म्हणजे इतिहास नव्हे, हे तेंडुलकरांनीही सांगितलं होतं. पण घाशीराम कोतवाल खरा होता आणि १७९१ मध्ये पुण्यात तो दगडांखाली मेला, हेही खरं आहे.

आता रूढ पद्धतीनं या नाटकाचा धडा काढायचा तर तो असा निघेल: घाशीरामनं हाव केली, पोटची पोरगी विकली, त्याचं फळ त्याला मिळालं. हे खोटं नाही. घाशीराम निर्दोष मुळीच नाही. पण एवढ्यावर थांबलं तर नानाचं काम फत्ते होतं. कारण नानाचा हिशेबच तो होता. जुलूम आपल्या सोयीचा, नाव घाशीरामचं. लोकांचा राग घाशीरामवर उतरला की वाडा सुरक्षित. आणि या सगळ्यात सगळ्यात आधी मेली ती गौरी. तिची महत्त्वाकांक्षा काय होती, हे तिला कुणी विचारलंच नव्हतं. बापाच्या सूडाची आणि कारभाऱ्याच्या वासनेची किंमत तिनं मोजली.

नाटकाबाहेरचा खरा नाना पुढे आपल्या महाडला आला होता, हे आपल्यातल्या किती जणांना माहीत आहे? १७९५ मध्ये सवाई माधवराव शनिवारवाड्यात वरून पडून मेले. त्या मरणावर खाडिलकरांनी हॅम्लेट आणि ऑथेल्लोची छाप असलेलं नाटकही लिहिलं. गादीसाठी ओढाताण सुरू झाली, पुण्यात नानाला धोका वाटू लागला आणि १७९६ मध्ये तो घाट उतरून महाडला आला. इथे बसून त्यानं पुन्हा पट मांडला. याला फोडलं, त्याला वचन दिलं, तिसऱ्याला मुलूख कबूल केला. त्या जुळवाजुळवीचा करार महाडचा तह म्हणून ओळखला जातो. त्यातून दुसरा बाजीराव पेशवा झाला आणि नाना परत कारभारी. पुढे त्यालाही काही काळ कैद झाली, पण १८०० मध्ये तो मेला तो अंथरुणावर. घाशीरामसारखा दगडांखाली नाही.

म्हणजे ज्या पेशवाईत अस्पृश्यांच्या गळ्यात मडकं आणि कमरेला झाडू बांधला गेल्याचं बाबासाहेबांनी लिहून ठेवलं, तिच्या शेवटच्या पेशव्याची गादी महाडात ठरली. आणि त्यानंतर १३१ वर्षांनी त्याच महाडात त्या गळ्यातल्या मडक्याला उत्तर मिळालं.

रुमाल, कमरपट्टा आणि अफवा

ऑथेल्लो नाटकात इयागो एका रुमालाच्या जोरावर सगळं उद्ध्वस्त करतो. विशाल भारद्वाज यांच्या 'ओमकारा'त रुमालाच्या जागी कमरपट्टा आहे. शिक्षक वर्गात सांगतात, ऑथेल्लो संशयी होता म्हणून फसला. पण नीट बघा. व्हेनिसला तो सेनापती म्हणून चालतो, जावई म्हणून चालत नाही. आमच्या मुलीनं या काळ्या माणसावर प्रेम केलं म्हणजे त्यानं जादूटोणाच केला असणार, असं सासरा भर सभेत म्हणतो. 'ओमकारा'तला ओमी आईच्या जातीमुळे अर्धा ब्राह्मण म्हणून ओळखला जातो. तू या पोरीच्या लायकीचा नाहीस, हे समाजानं ज्याच्या मनात आयुष्यभर भरलं, त्याला फसवायला एक रुमाल पुरतो. इयागोनं फक्त काडी लावली. गवत आधीच वाळलेलं होतं.

२० मार्च १९२७ ला महाडात हेच झालं. बाबासाहेब हजारो माणसांना घेऊन चवदार तळ्यावर गेले आणि पाणी प्याले. तळं नगरपालिकेचं. १९२४ मध्येच नगरपालिकेनं ते सगळ्यांना खुलं केल्याचा ठराव केला होता. कुणाचं काही हिसकावलं नव्हतं. पण थोड्या वेळात गावात अफवा सोडली गेली की अस्पृश्य आता वीरेश्वराच्या देवळात घुसणार आहेत. झालं! काठ्या निघाल्या. परिषदेच्या मंडपात जेवत असलेल्या, परतीच्या वाटेला लागलेल्या आपल्या माणसांना गाठून मारलं गेलं. अनेकांना मुसलमानांच्या घरांत आसरा मिळाला, हे विसरू नका.

ती अफवा कुणी सोडली, हा प्रश्न आहेच. पण मोठा प्रश्न वेगळा आहे. एका वाक्यावर सगळं गाव काठी घेऊन बाहेर का पडलं? कुणी देवळापर्यंत जाऊन खात्री का केली नाही? कारण अस्पृश्य आपली पायरी सोडणार, ही भीती त्यांच्या मनात पिढ्यानपिढ्या घातलेली होती. खोट्याला पाय फुटले ते जातीच्या जमिनीवर.

हे फक्त तेव्हाचं नाही. २०२५ मध्ये 'छावा' सिनेमा आला. संभाजी महाराजांचं पकडलं जाणं आणि त्यामागची फितुरी हा त्याचा गाभा. तुडुंब भरलेल्या थिएटरांत लोक रडले. रडणं गैर नाही, पराक्रमी माणसाचा तसा शेवट बघून कुणाचंही काळीज हलेल. पण गोष्ट जेव्हा 'एक क्रूर राजा आणि दोन फितूर' एवढ्यावर येते, तेव्हा प्रेक्षक बाहेर पडल्यावर त्या फितुरांचे वारस शोधू लागतो. शिर्के घराण्याच्या वंशजांनी आक्षेप घेतला आणि दिग्दर्शकाला माफी मागावी लागली. पाठोपाठ औरंगजेबाची कबर हटवण्याची आंदोलनं झाली. १७ मार्चला नागपुरात धार्मिक मजकूर असलेली चादर जाळल्याची अफवा पसरली आणि दंगल पेटली. या सिनेमामुळे लोकांच्या भावना पेटल्या, असं खुद्द मुख्यमंत्री विधानसभेत बोलले. ऑथेल्लोत रुमाल, नागपुरात चादर. कापडाचा तुकडा निमित्त असतो, वाळलेलं गवत दरवेळी आधीच तयार असतं.

त्यांची महत्त्वाकांक्षा, आपला माज

आता महत्त्वाकांक्षेकडे येऊ. मॅकबेथ राजाचा खून करून मुकुट घालतो, तरी समीक्षक म्हणतात, केवढा मोठा माणूस, एका दोषानं वाया गेला! 'मकबूल'मध्ये तोच मॅकबेथ मुंबईच्या गुन्हेगारी टोळीत येतो आणि आपल्याला त्याचीही कणव येते. पण आपल्या पोरानं लग्नात घोड्यावर बसायचं ठरवलं, गाडीवर 'जय भीम' लिहिलं, वरच्या जातीतल्या पोरीवर प्रेम केलं, तर त्याला महत्त्वाकांक्षा म्हणत नाहीत. त्याला शब्द वेगळा आहे: माज.

नागराज मंजुळेंच्या 'सैराट'चा शेवट आठवा. आर्ची आणि परश्या यांनी कुणाचा मुकुट चोरला होता? त्यांना दोन खोल्यांचं घर, नोकरी आणि लेकरू एवढंच हवं होतं. त्यांना मारायला येणारी माणसं माहेरची भेट घेऊन येतात, चहा घेतात. कपट तिकडे, महत्त्वाकांक्षा तिकडे, आणि पतन मात्र यांचं. या गोष्टीत नायकाचा दोष शोधणारा माणूस मारेकऱ्यांच्या बाजूला जाऊन उभा राहतो, त्याला कळो न कळो.

महाडच्या संगराकडे या नजरेनं बघा. तळ्याचं पाणी पिणं ही महत्त्वाकांक्षाच होती. डिसेंबर १९२७ च्या परिषदेत बाबासाहेबांनी तिची तुलना फ्रान्समधल्या १७८९ च्या राष्ट्रीय सभेशी केली. केवढी झेप! त्याच परिषदेत त्यांनी बायकांपुढे भाषण केलं, जातीची खूण सांगणारी राहणी सोडा म्हणाले आणि बायकांनी लुगडं नेसायची रीत लगेच बदलली. गावानं त्याला माजच म्हटलं असेल. आपण त्याला माणूसपण म्हणतो.

आणि कपटाला उत्तर काय दिलं? मार्चमध्ये हल्ला झाला तेव्हा उलट वार करायला तयार असलेली, सैन्यात राहिलेली माणसं बाबासाहेबांच्या शब्दाची वाट बघत होती. त्यांनी तो शब्द दिला नाही. विरोधकांनी तळं खाजगी असल्याचा दावा कोर्टात लावला आणि डिसेंबरमध्ये तात्पुरता मनाई हुकूम आणला. बाबासाहेबांनी तो पाळला, तळ्यावर गेले नाहीत, मनुस्मृती मात्र २५ डिसेंबरला जाळली. मग दहा वर्षं ते कागदावर लढले. १७ मार्च १९३७ ला मुंबई उच्च न्यायालयानं आपल्या बाजूनं निकाल दिला. ऑथेल्लोनं पुरावा न तपासता गळा दाबला. बाबासाहेबांनी एकेक पुरावा तपासून खोट्याचा गळा दाबला.

१९४३ मध्ये पुण्यात न्या. रानड्यांच्या जयंतीला केलेल्या भाषणात त्यांनी मोठा माणूस कुणाला म्हणावं याची कसोटी मांडली आहे. तळमळ आणि बुद्धी असून भागत नाही. माणूस सामाजिक हेतूनं पेटलेला हवा, समाजाला चाबूक मारणारा आणि त्याची घाण उपसणारा हवा, असा त्याचा आशय. त्याच भाषणात त्यांनी देशातल्या सगळ्यात बड्या नेत्यांच्या अहंकारावर आणि विभूतिपूजेवर कोरडे ओढले. महत्त्वाकांक्षेची आपली कसोटी हीच. किती उंच जायचंय हे विचारू नका. कुणाला सोबत घेऊन जायचंय ते विचारा.

आपल्या वाडीतले घाशीराम

इथवर वाचून टाळ्या वाजवणं सोपं आहे. आता आपल्या घरात बघू.

बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणानंतर ३ ऑक्टोबर १९५७ ला रिपब्लिकन पक्ष स्थापन झाला आणि काही वर्षांतच गट पडले. १९९८ मध्ये एकजुटीनं लढल्यावर चार नेते लोकसभेत गेले, चारही खुल्या जागांवरून. ती एकजूटही टिकली नाही. याचं खापर आपण प्रत्येक वेळी एकेका नेत्याच्या हावेवर फोडतो. हाव होती, नाकारायचं कारण नाही. पण प्रत्येक फुटीच्या वेळी वचन देणारा, मंत्रिपदाचं गाजर धरणारा वाड्यातला नाना कोण होता? त्याचं नाव आपल्या शिव्यांत येत नाही. तो प्रत्येक फुटीनंतर अधिक मजबूत झाला.

तालुक्यात हेच लहान आकारात चालतं. निवडणूक जवळ आली की वाडीतल्या एखाद्या हुशार, बोलक्या पोराला बोलावणं येतं. सेलचं पद मिळतं, बॅनरवर कोपऱ्यात फोटो येतो, साहेबांच्या गाडीत बसायला मिळतं. मॅकबेथला चेटकिणी भेटतात तसंच असतं ते: पुढचा तूच! काही महिन्यांनी काम सांगितलं जातं. अमक्याला ॲट्रॉसिटीची केस मागे घ्यायला लाव. वाडीच्या रस्त्याचं निवेदन थांबव. विहाराच्या कार्यक्रमाला आमचाच पाहुणा बोलव. पोरगा ते करतो. मग वाडी त्याच्यावर थुंकते, मुंबई मंडळ त्याला बाजूला टाकतं आणि साहेब पुढच्या निवडणुकीला दुसरा पोरगा बघतात. गावात सामाजिक काम करताना हे चक्र मी पुन्हा पुन्हा पाहते. या व्यवहारात एखादी गौरीही असतेच. जिची केस 'मिटवली' गेली ती.

त्या पोराला मोकळं सोडा असं मी म्हणत नाही. त्यानं केलं ते चूकच आणि त्याचा जाब वाडीनं विचारलाच पाहिजे. पण फक्त त्यालाच ठेचून थांबलो तर आपण पुण्यातला तो जमाव होतो आणि नाना उत्सव जाहीर करून मोकळा होतो. शिवाय ज्या चळवळीत हुशार पोराला वाढायला जागा नाही, पद एकाच घरात फिरतं, हिशेब मागितला तर गद्दार म्हणतात, तिथली पोरं वाड्यावर जाणारच. त्यांच्या महत्त्वाकांक्षेला आपण घर दिलं नाही, हेही मान्य करायला हवं.

पडल्यानंतर

पाश्चात्त्य शोकांतिकेत नायक पडतो आणि गोष्ट संपते. धम्माच्या परंपरेत ती तिथे संपत नाही. अजातशत्रूनं देवदत्ताच्या नादी लागून गादीसाठी बाप बिंबिसाराचा जीव घेतला. एका पौर्णिमेच्या रात्री जीवक वैद्य त्याला आमराईत बुद्धांकडे घेऊन निघाला. शेकडो भिक्खू बसलेले आणि तरी एवढी शांतता, हे बघून राजा घाबरला. तू मला फसवून शत्रूच्या हाती तर देत नाहीस ना, असं त्यानं जीवकाला विचारलं. ज्यानं कपट केलं त्याला शांततेतही कपटच ऐकू येतं. मॅकबेथला भर मेजवानीत भूत दिसतं तसंच हे. फरक एवढाच की मॅकबेथला कुणी जीवक भेटला नाही. अजातशत्रू बुद्धांपुढे गुन्हा कबूल करतो. गुन्हा पुसला जात नाही, पण माणूस तिथून पुढे चालू शकतो. वाड्यावर गेलेला आपला पोरगा परत येऊन चूक कबूल करणार असेल, तर वाडीत त्याच्यासाठी एखादा जीवक असायला हवा.

आणि आपलं स्वतःचं नाटकही होतं. जोतीराव फुल्यांनी १८५५ मध्ये 'तृतीय रत्न' लिहिलं. दक्षिणा प्राइज कमिटीनं ते नाकारलं. त्यात गरोदर कुणबी बाईला ग्रहांची भीती घालून एक जोशी तिचं घर लुबाडतो. कपट आहे, फसवणूक आहे, कर्ज आहे. पण शेवटी नवराबायको मरत नाहीत की नशिबाला बोल लावत बसत नाहीत. आपण फसलो कारण आपल्याला शिकू दिलं नाही, हे त्यांना कळतं आणि दोघं रात्रीच्या शाळेत जायचं ठरवतात. फसलेल्या माणसाला शाळेच्या दारापर्यंत नेणारं हे नाटक आहे. आंबेडकरी जलशांनी पुढे हाच वारसा चालवला.

म्हणून एक सूचना करते. या वर्षावासात विहारात ग्रंथवाचनासोबत एक दिवस 'तृतीय रत्न'चं वाचन ठेवा आणि एक दिवस 'घाशीराम' किंवा 'सैराट'वर चर्चा. पोरापोरींना बोलू द्या. नेत्यांनी त्या दिवशी खाली बसून ऐकावं. वर सांगितलेले तीन प्रश्न फळ्यावर लिहा आणि ते सिनेमाला लावून झाले की आपल्या तालुक्याला लावा, आपल्या संघटनेला लावा. ज्या दिवशी वाडीतला पोरगा गाडीत बसण्याआधी हे प्रश्न साहेबांच्या तोंडावर विचारेल, त्या दिवशी नानाला महाडात पुन्हा पट मांडणं जड जाईल.

जय भीम! जय संविधान!